पत्र्याच्या घरातलं इंटरनेट

फोन कंपनीच्या मते ती गल्ली नव्हतीच. कंपनीची केबल कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत यायची आणि दाढी करून घ्यायला टेकावी तशी तिथेच कायमची थांबायची. त्याच्या पुढे घरं होती, सायकलचं दुकान होतं, सगळ्यांवर भुंकणारा एक कुत्रा होता. पण कंपनीच्या नकाशात तिथे नुसता पांढरा रंग होता.

धाकटी त्या पांढऱ्या रंगात राहायची. थोरली सून नवऱ्यासकट परगावी गेली त्याला जमाना झाला होता. घरात सून म्हणून ही एकटीच उरली होती, तरी नाव धाकटीच.

ती कंपनीच्या कचेरीत स्वतः जाऊन आली. तिथल्या साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की केबल मागणी बघून टाकतात आणि त्या बाजूला मागणी नाही.

"मी मागतेय ना."

"एका माणसाची मागणी ही मागणी नसते, बाई. तो हट्ट असतो."

"मग हट्ट म्हणून लिहून घ्या."

साहेबांनी खरोखर काहीतरी लिहून घेतलं. ती घरी पोचायच्या आत मोबाइलवर संदेश आला की आपल्या समस्येचं निराकरण झालं आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? धाकटीने शून्य द्यायचा प्रयत्न केला. शून्याची सोय नव्हती. तिने एक तारा दिला आणि खाली लिहिलं, हा उसना दिलाय, परत करा.

तिला इंटरनेट लागत होतं ते हातांसाठी. भाऊ जन्मतः बहिरा, त्यामुळे खुणांची भाषा तिला शाळेच्या आधीपासून येत होती आणि आता तीच तिची नोकरी होती. बहिरा माणूस दवाखान्यात किंवा बँकेत गेला की तिथल्या पडद्यावर धाकटी उगवायची. त्याच्या खुणा बघून समोरच्याला बोलून सांगायची आणि समोरच्याचं बोलणं त्याला हातांनी. आत्तापर्यंत हे सगळं मोबाइलच्या भरवशावर चाललं होतं. मग एकदा गुडघा दुखणाऱ्या एका गृहस्थांचं चित्र हात छातीपाशी असताना गोठलं. डॉक्टरांनी त्यांचं हृदय इतकं कसून तपासलं की गृहस्थ गुडघा विसरून मृत्युपत्राचा विचार करू लागले. काम देणाऱ्या संस्थेने धाकटीला स्पष्ट कळवलं. सोमवारी तपासणी. चित्र अडखळलं तर काम दुसऱ्या कुणाला.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, दुसरं काहीतरी बघू."

"तू बघ. माझं बघून झालंय."

केबल नाही तर नाही. बाजारातल्या एका दुकानात बिनतारी इंटरनेट मिळतं असं तिला कळलं. काउंटरवरच्या मुलीने वहीएवढा पांढरा डबा दाखवला. यात सिमकार्ड असतं, हा टॉवरवरून सिग्नल ओढतो आणि घरभर वायफाय देतो. खिडकीत ठेवायचा, हिरवा दिवा लागला की झालं. घर कसलं आहे, असं त्या मुलीने विचारलं नाही. तिचा काय दोष? असं घर दुसरं नव्हतंच.

धाकटीचे सासरे पत्र्याचं काम करायचे. डबे, पेट्या, नरसाळी, बादल्या. गल्लीत त्यांना पत्रेवाले म्हणत. दुकानातून उरलेला पत्रा ते घरी आणत आणि घराला लावत. भिंतींना आतून पत्रा, छताला पत्रा, खिडक्यांच्या झडपा पत्र्याच्या. शिवाय या घरात कुठलीही वस्तू उघडी ठेवायची पद्धत नव्हती. चष्म्याला पत्र्याचा डबा, टीव्हीच्या रिमोटला डबा, डब्यांच्या झाकणांना वेगळा डबा. साखर काढायची तर सासूबाईंना तीन झाकणं उघडावी लागत. त्यामुळे लग्नानंतर लवकरच त्यांनी चहात साखर घालणं सोडून दिलं होतं.

धाकटीने डबा घरी आणून चालू केला. लाल दिवा. देवाची मूर्ती मिरवावी तसा दोन्ही हातांत धरून तिने तो घरभर फिरवला. माजघरात लाल, पलंगावर लाल, पलंगाखाली तर दिवा लागायलाच तयार नव्हता. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीत तो हिरवा झाला. त्या खिडकीची झडप गंजून पडली होती आणि नवी बसवायचं पत्रेवाल्यांकडून राहून गेलं होतं. घरातली तेवढी एकच जागा बाहेरच्या जगाला उघडी होती.

पत्रेवाल्यांनी लांबून विचारलं, "तार कुठंय?"

"तार नसते, बाबा. हवेतून येतं."

"हवेतून धूळ येते," ते म्हणाले आणि गप्प झाले. धाकटीला तेव्हाच संशय यायला हवा होता. ते गप्प झाले की घरात काहीतरी नवीन तयार व्हायचं.

सोमवारी सकाळी ती साडी बदलायला गेली. पडद्यावर हात उठून दिसावेत म्हणून साडी बिननक्षीची, गडद लागायची. परत येऊन बघते तर खिडकी नव्हती. खिडकीच्या जागी पत्र्याची एक देखणी पेटी होती. चौकटीत घट्ट बसवलेली, कडांना गोठ काढलेला, सगळ्या सांध्यांना वितळलेल्या कथलाचा डाख देऊन बंद केलेली. हवा खेळायला बाजूंना दाभणाने भोकं पाडली होती. इंटरनेट आत होतं.

"आता वाफ लागणार नाही," पत्रेवाले म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दुर्मीळ हसू होतं. हा सुनेला आहेर होता.

लॅपटॉपवर वायफाय मेलं होतं. तपासणीला दहाएक मिनिटं होती. धाकटीने सांगितलं, पत्र्यातून सिग्नल जात नाही. त्यांनी सांगितलं, पावसाला पत्रा अडवतो, हवेला नाही, म्हणून तर भोकं ठेवलीत. तिने पेटी उघडा म्हटलं. ते म्हणाले, उघडायला ती काय खिडकी आहे? आपण डाख दिलेला सांधा आजवर कुणी उघडलेला नाही, उघडणारही नाही.

धाकटी हत्यारांच्या पेटीकडे वळली, तोवर सासूबाईंनी भांडी घासता घासता, मान वर न करता, पत्रा कापायची कात्री तिच्यापुढे धरली होती.

"डावीकडून लाव," त्या म्हणाल्या. "तिकडे पातळ आहे."

कापताना पत्र्याने असा आवाज केला की गल्लीतला कुत्रा आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला. पेटीची बाहेरची आणि आतली अशा दोन्ही बाजू धाकटीने कापून काढल्या. मधल्या सांगाड्यात पांढरा डबा होता तिथेच राहिला. लाल दिवा जरा विचारात पडला आणि हिरवा झाला. पडद्यावर तपासनीस बाई आल्या.

बाई स्वतः बहिऱ्या होत्या. त्यांनी नमस्कार केला, मग त्यांची नजर धाकटीच्या खांद्यावरून मागे गेली. तिथे पत्रेवाले कापलेला तुकडा हातात धरून, तांबडेलाल होऊन बोलत होते. बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि खुणेने म्हटलं, ठरलेला उतारा राहू दे. मागचे आजोबा काय म्हणताहेत ते सांगा.

दुभाष्याचा नियम सरळ असतो. कानावर पडेल ते सगळं सांगायचं. काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही, आणि 'ते म्हणतात' असं न म्हणता 'मी' म्हणून सांगायचं. धाकटीने पदर खोचला.

पत्रेवाले म्हणत होते की आपण घरात सून आणली की दरोडेखोर. धाकटीने हातांनी सांगितलं, मी घरात सून आणली की दरोडेखोर. ते म्हणाले, हिला ना वस्तूची कदर ना माणसाची. तिने तेही सांगितलं, आणि त्यांनी छाती बडवली तिथे स्वतःची छाती बडवली. पत्रेवाले थबकले. सून आपली नक्कल करतेय का, असं त्यांनी विचारलं. तिने पडद्याकडे बघत तेही विचारलं.

बाईंचे हात हलले. धाकटी मोठ्याने म्हणाली, "आजोबा, तुमचं काम सुरेख आहे. पण तुम्ही माझ्या दुभाषीला डब्यात घातलं होतं."

पत्रेवाल्यांनी डोळे बारीक केले. "हे ती म्हणाली की तू?"

"त्या. मी नुसती दुभाषी."

"मग तिला विचार, पत्र्याने हवा अडते का कधी?"

तिने विचारलं. उत्तर आलं ते तिने सरळ आवाजात, एकही शब्द इकडचा तिकडे न करता सांगितलं. "मला ऐकू येत नाही, आजोबा. पण कोण ऐकत नाही ते मला लांबून दिसतं."

सासूबाई पातेल्यात तोंड घालून हसल्या. पातेलं घुमलं. पत्रेवाल्यांनी पातेल्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. एवढा वेळ चित्र एकदाही अडखळलं नव्हतं, पण त्याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

"सांग तिला," ते म्हणाले. "ती गेली की मी हे भोक बुजवणार. दुप्पट जाड पत्रा घालून."

धाकटीने सांगितलं. दुप्पट जाड हेही सांगितलं. बाईंनी यावर हात हलवले नाहीत. त्या मांडीवर हात ठेवून धाकटीकडे बघत राहिल्या.

"बुजवून दाखवा," धाकटी म्हणाली.

"हे तिचं?"

"नाही, बाबा. हे माझं."

भोकातून वारा आला आणि तिची बट उडाली. पडद्यावर बाईंनी भुवया उंचावल्या. धाकटीचे ओठ हलले, हात नाही, मग आत्ता काय बोलणं झालं? नियम तो नियम. धाकटी वळली आणि तेच तिने हातांनी बाईंना सांगितलं, सावकाश, बोटन्‌बोट दिसेल असं.

पत्रेवाले बराच वेळ भोकाच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले.

"कापलंयही वेडंवाकडं," ते म्हणाले.

धाकटीने तेही सांगितलं.