दोनदा धुतलेले तारे

नारिनच्या छावणीत मेजर सागिनबेकच्या घरी चहाचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात गणवेशाची चार बटणं होती, एक तुटकं बकल होतं आणि दोन मोठे तारे. ते त्याने अकरा वर्षांपूर्वी विकत घेतले होते आणि एकदाही खांद्यावर लावले नव्हते.

फौजेत बढतीचा हिशेब तसा सरळ. ठरलेली वर्षं भरली की पुढचा हुद्दा मिळतो. पण ज्या जागेवर तुम्ही बसलात, तिची जेवढी कमाल तेवढाच. सागिनबेक रसदीच्या कोठाराचा प्रमुख होता आणि त्या जागेची कमाल मेजर. अकरा वर्षांपूर्वी उपकमांडरची, म्हणजे लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्याची जागा त्याला मिळणार हे पक्कं झालं होतं. हुकूम निघाल्याचा फोनही आला. मित्रांनी गळ घातली आणि सहीचा कागद हातात पडायच्या आधीच त्याने तारे धुतले. म्हणजे व्होडकाने काठोकाठ भरलेल्या ग्लासात ते टाकले, एका दमात ग्लास रिकामा केला, तारे ओठांत धरले आणि हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठासमोर उभं राहून नव्या हुद्द्याने हजर असल्याची वर्दी दिली. आठवड्याने पत्र आलं. फेररचनेत ती जागाच रद्द झाली होती. तेव्हापासून छावणीत कोणी उतावीळ झाला, की लोक त्याला सागिनबेकची आठवण करून देत.

त्याच शरद ऋतूत तिंचतिक नावाचा बावीस वर्षांचा लेफ्टनंट आला. त्याला बुटात पाय घालण्याआधी पायपट्ट्याही नीट गुंडाळता येत नव्हत्या. सागिनबेकने त्या शिकवल्या, घाटातला बर्फ कुठे पोकळ आहे हे काठीच्या आवाजावरून ओळखायला शिकवलं, आणि दर रविवारी घरी जेवायला बोलावलं. पोरगा त्याला 'अके' म्हणजे थोरला भाऊ म्हणू लागला. पुढे हिमकडा कोसळला तेव्हा याच काठीच्या विद्येवर त्याने नऊ शिपाई जिवंत बाहेर काढले आणि मुदतीआधी कॅप्टन झाला. मग मुदतीआधी मेजर. आता तेहतिसाव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल होऊन तो याच छावणीचा कमांडर म्हणून परतला होता. त्याच अकरा वर्षांत सागिनबेक होता तिथेच होता.

उपकमांडरची जागा नुकतीच पुन्हा निर्माण झाली होती. शिफारस कमांडरने करायची. मार्चमध्ये सागिनबेकला पंचेचाळीस वर्षं पूर्ण होणार होती, आणि मेजर म्हणून पंचेचाळीस भरली की निवृत्त होऊन घरी. पण ज्याच्या पायपट्ट्या आपण बांधल्या, त्याच्यापुढे हात कसा पसरायचा?

शनिवारी दुपारी तिंचतिकचे तारे धुवायचं ठरलं. मेंढी शिजत होती, आणि ऐन वेळी कळलं की नव्या ताऱ्यांचं पाकीट राजधानीत, बिश्केकलाच राहिलं. मेजरच्या दर खांद्यावर एक तारा, लेफ्टनंट कर्नलच्या दोन. म्हणजे मेजरचे होतेच, आणखी हवे होते नेमके दोनच.

सागिनबेक घरी गेला आणि डबा हातात घेऊन बसला. दिले तर लोक म्हणणार, शिफारशीसाठी लोणी लावलं. शिवाय ते धुतलेले, अपशकुनी. बायको झिपारा कणीक मळत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "द्या की. डब्यात ठेवून त्यांना कोंब फुटायचे नाहीत."

भोजनगृहात तारे पाहताच एक कॅप्टन कुजबुजला, की एकदा धुतलेले तारे पुन्हा धुवत नाहीत. तिंचतिकने ऐकलं.

"इतका धीर धरलेले तारे दुसऱ्या कुणाकडे असतील तर आणा," तो म्हणाला.

तारे ग्लासात पडले. ग्लास रिकामा झाला. आता वर्दी द्यायची ती सर्वांत वरिष्ठाला, आणि सर्वांत वरिष्ठ तर तो स्वतःच. क्षणभर सगळे घुटमळले. तिंचतिक वळला, सागिनबेकसमोर टाचा जुळवून उभा राहिला आणि त्याने वर्दी दिली. मग मेंढीचं खुब्याचं हाड, मानाचा वाटा, त्याच्या ताटात ठेवत हळूच म्हणाला, "अके, तुमची शिफारस मी पहिल्याच दिवशी पाठवली. तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होतो. फार ताठ आहात."

"होईल का काम?"

"माहीत नाही. सही माझ्या हातात नाही."

सागिनबेकने मान डोलावली आणि मांस खाल्लं. त्या दिवशी त्याला ते नेहमीपेक्षा खारट लागलं.

हुकूम आला तेव्हा वाढदिवसाला एकोणीस दिवस उरले होते. सागिनबेकने कागद दोनदा वाचला, खिडकीशी नेऊन सही उजेडात धरली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मित्र ग्लास भरून उभे होते. त्याने त्यांना थांबवलं आणि कागद तिसऱ्यांदा वाचला.

तोवर तिंचतिकने स्वतःच्या खांद्यांवरून दोन तारे सोडवले होते. बिश्केकचं पाकीट केव्हाच येऊन पडलं होतं, पण त्याने ते आजवर फोडलं नव्हतं.

"हे उसने घेतले होते," तो म्हणाला, आणि ते त्याने सागिनबेकच्या ग्लासात सोडले.