आप्पांची तिसरी घंटा

दिंद्रुडचे कापडवाले शिवलिंगप्पा जाऊन वर्ष झालं, आणि गावाला एकाएकी त्यांचा उमाळा आला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर आप्पा अंगठ्याएवढे आणि तालुक्याचे पुढारी अमरसिंहभाऊ दाराएवढे. निदान आप्पा आहेत तरी, म्हणून विजयमालाबाईंनी समाधान मानलं.

बाई गावच्याच शाळेत शिक्षिका. त्या शिक्षिका झाल्या त्याच मुळी आप्पांमुळे. आईबाप दरसाल दिवाळी सरली की ऊसतोडीला निघायचे आणि पोरांना बरोबर न्यायचे. मग शाळा कसली नि काय. आप्पांनी यावर स्वतःच्या डोक्याने तोड काढली होती. नाटकाचा नाद त्यांना भारी. टोळ्यांच्या गाड्या निघायच्या, नेमक्या त्याच दिवशी ते पोरांचं नाटक लावायचे, आणि कामं मुद्दाम जाणाऱ्या घरांतल्या लेकरांना द्यायचे. पोरींना तर मिशीवाली कामं. "मिशी लावली की पोरगी खाली बगत न्हाई," म्हणायचे. नाटक संपलं की बापाला वर बोलावून माईकवर विचारायचे, "पोरगी सहा म्हयने माज्याकडं ठिवतू का?" गाव टाळ्या वाजवतंय, पोरगी पाटील होऊन समोर उभी; कोणता बाप नाही म्हणणार? विजयमालाबाईंच्या बापालाही म्हणवलं नाही. पुढचे सहा महिने आप्पांच्या बायकोच्या, दानम्माकाकूंच्या हातच्या भाकरी खात त्या शाळेत गेल्या.

नाटकाच्या वेळेबाबत आप्पांना कुणाचीच भीड नव्हती. एका वर्षी भाऊंचे वडील मोहनराव, तालुक्यातलं तेव्हाचं बडं प्रस्थ, भाषणाला उभे राहिले ते बसायचं नाव घेईनात. आप्पांनी पितळी घंटा उचलली आणि भर भाषणात तिसरी देऊन टाकली. पोरं धाडदिशी स्टेजवर आली. मोहनराव कसनुसं हसत खाली उतरले. दुसरं करणार काय!

यंदा पुण्यस्मरणाला ते नाटक बाईंनी बसवलं, ते संस्कृतीसाठी. ऊसतोडीला जाणाऱ्या नाथाची ही आठ वर्षांची लेक पाढे म्हणायला लागली की तिला थांबवावं लागे. तिला पाटील केलं. तिच्या आईला धाकटं सांभाळायला ती बरोबर हवी होती. नाथा बाईंना म्हणाला होता, "मॅडम, घरात माजं काय चालत न्हाई. आप्पावानी चार मान्सांत इचारा, मी हो म्हनून मोकळा व्हतो."

कार्यक्रम तीनचा, टोळीची गाडी पाचची. म्हणजे पंधरा मिनिटांचं नाटक धरून भरपूर वेळ होता. पण अमरसिंहभाऊ आले सव्वाचारला. मग फेटे, शाली, नारळ. ज्यांनी आप्पांचं एक नाटक धड बघितलं नाही, त्यांचे सत्कार. सूत्रसंचालन बाईंकडेच होतं. दानम्माकाकूंनी घरून पाठवलेली घंटा त्यांच्या पुढ्यातल्या टेबलावर, रुमालावर ठेवली होती.

भाऊ बोलायला उभे राहिले. "आप्पांनी शेकडो लेकरं कोयत्यापासून वाचवली..."

पावणेपाच झाले. मांडवाच्या कडेला नाथा लेकीचा हात धरून उभा होता. पाटलाचा फेटा तिच्या डोळ्यांवर येत होता आणि ती तो सारखा वर करत होती. रस्त्यावरून ट्रकचा हॉर्न आला. पहिल्या रांगेत बसलेल्या दानम्माकाकूंनी घंटेकडे पाहिलं, मग बाईंकडे.

बाईंचा हात घंटेपर्यंत गेला आणि तिथेच थबकला. गेल्या उन्हाळ्यात त्यांची बदली लांब डोंगरातल्या शाळेवर झाली होती. भाऊंच्या एका फोनवर गाव परत मिळालं होतं. आता संपवतील, दोन मिनिटांत संपवतील, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. हाताने घंटेखालचा रुमाल तेवढा सारखा केला. एवढं शिक्षण घेऊन बाईंना जमलं ते हेच.

भाऊ आप्पांवरून वडिलांवर आले, वडिलांवरून स्वतःवर. पुन्हा हॉर्न वाजला. नाथा स्टेजच्या कडेशी आला.

"मॅडम, मुकादम थांबत न्हाई. लई वाट बगितली आमी." त्याने फेटा आणि मिशी बाईंच्या पायाशी ठेवली. "येतो."

संस्कृतीच्या ओठावर डिंक चकाकत होता. ती हळूच म्हणाली, "मॅडम, पैलं वाक्य माजंच हाय ना? घंटा झाली की मी पळत येते."

बाईंनी मान हलवली. होय म्हणून हलवली की कशी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी मिशी उचलून मुठीत धरली. ट्रक माजलगावच्या रस्त्याला लागल्याचा आवाज मांडवात सगळ्यांना ऐकू आला, तेव्हा भाऊंचं बोलणं जोरात चाललं होतं.

साडेपाचला भाषण संपलं. टाळ्या झाल्या. फोटोवाल्याने खूण केली, तसे भाऊ टेबलाशी आले. "हीच का आप्पांची घंटा?" म्हणत त्यांनी ती उचलली आणि कॅमेऱ्याकडे हसून बघत खणाखणा वाजवली.

आत अडीच तास ताटकळलेली पोरं ती ऐकून धावत स्टेजवर आली आणि शिकवल्याप्रमाणे ओळीत उभी राहिली. पाटलासाठी मधली जागा त्यांनी सोडली होती. पहिलं वाक्य पाटलाचं, म्हणून कुणी बोलेना; सगळी विंगेकडे बघत थांबली.

विजयमालाबाईंच्या मुठीत मिशी होती, आणि त्या खाली बघत होत्या.