बाहेरच्या पेशी

थेंब अजून हलत होता. बशी तिनं नुकतीच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती, आणि त्या थेंबात, तेलाच्या थराखाली, नुसत्या डोळ्यांना धुळीच्या कणासारखं वाटावं असं काहीतरी हळूहळू फुगत होतं. गोठवणीतून काढलेला गर्भ आधी असाच दिसतो, चुरगळलेला, जीव गेल्यासारखा… मग तो पाणी धरू लागतो, मधली पोकळी उघडते, बाहेरचं पातळ आवरण ताणलं जातं आणि आत एका बाजूला चिकटून बसलेला पेशींचा पुंजका दिसायला लागतो. हे सगळं तिनं असंख्य वेळा पाहिलं होतं. पण हा गर्भ तिच्या धाकट्या बहिणीचा होता.

गोठवणीच्या नळीवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक. पण गोठवला होता तिनंच, त्यामुळे क्रमांक पाठ. याच्याबरोबरचा दुसरा गर्भ पहिल्याच खेपेला रुजला. तो आता शाळेत जातो, समोरचे दोन दात पडलेत, आणि ‘मावशी’ म्हणताना जिभेला जागा सापडत नाही म्हणून स्वतःच हसत सुटतो. त्या मुलीचा विचार ती अजून ‘तो’ असाच करायची, गर्भ म्हणून, आणि मग दचकायची—अगं, ती तुझी भाची आहे. हा एक मागे राहिला होता. आणखी मूल नको असं नवराबायकोंनी ठरवलं. नुसतं टाकून देणं धाकटीच्या जिवावर आलं. “संशोधनाला देऊ या. मूळपेशी काढतात ना यातून? कुणाच्या तरी उपयोगी पडतील. हो ना, ताई?” ताई हो म्हणाली होती.

“तुम्ही नका करू हे,” सकाळी प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. “मी करतो.”

“सर, तुमचा हात हल्ली थरथरतो.”

ते हसले. ती हसली नाही.

गर्भ पूर्ण फुगायची वाट पाहत ती बाहेरच्या खोलीत डबा उघडून बसली, तेव्हा धाकटीचा फोन आला.

“झालं का?”

“तू तर म्हणाली होतीस, कधी करणार ते मला सांगू नकोस.”

“हो गं. पण झालं का?”

“अजून नाही. फुगतोय.”

“म्हणजे… जिवंत आहे?”

“आहे.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. “त्याला काही कळत नाही ना, ताई?”

“नाही. कळायला लागतं ते काहीच तयार झालेलं नसतं अजून.” मग जरा थांबून ती म्हणाली, “थांबवायचं असेल तर आत्ता सांग. पुन्हा गोठवता येईल. तुम्ही ठरवलंय, तुम्हीच बदलू शकता.”

“मी कुठे ठरवलं? तू हो म्हणालीस म्हणून…”

हे असं. नेहमी असं. घास तोंडातच राहिला.

“करू की नको? एक काय ते सांग.”

“कर,” धाकटी म्हणाली, अगदी बारीक आवाजात. “तुझ्या हातून होतंय ते बरं.”

आत येऊन तिनं हात धुतले, खुर्ची पुढे ओढली. काचेच्या नळीनं गर्भ धरून ठेवायचा, लेझरच्या बारीक ठोक्यांनी आवरण सुटं करायचं, आतला पुंजका अलगद उचलून दुसऱ्या बशीत, पोषक पेशींच्या अंथरुणावर ठेवायचा. रुजला तर रुजला. पोटात या पेशींना काहीही होता येतं—हाड, कातडी, हृदय—पण ते काही दिवसच. मग एकेक दार बंद होत जातं. इथे बशीत मात्र त्यांना त्या उंबऱ्यावरच थांबवून ठेवता येतं, वर्षानुवर्षं. आवरणाच्या, बाहेरच्या पेशींची पोटात वार होते. त्या धरतात, पोसतात, आणि मूल जन्मलं की त्यांचं काम संपतं.

आणि आतली कोण, बाहेरची कोण, हे कशावरून ठरतं? सुरुवातीला सगळ्या सारख्याच. मग घट्ट बिलगायची वेळ येते, तेव्हा जी कडेला असते ती बाहेरची होते. गुण नाही, दोष नाही. फक्त जागा.

…कितीतरी वर्षांपूर्वी, त्या दुपारी तिची चप्पल तुटली होती. मैत्रिणीकडे निघाली होती ती, जिन्यातच अंगठा निसटला म्हणून परत आली, आणि मोरीत आई पडलेली दिसली. धाकटी शाळेच्या सहलीला. बाबा कामावर. डॉक्टरांनी औषधं समजावली ती तिला, कारण ती समोर होती. औषधं तिला माहीत, म्हणून रात्री तीच उठायची; तीच उठते म्हणून बाहेरगावी शिकायला गेली धाकटी. पुढे लग्नाची बोलणीही तिच्यापाशी न थांबता धाकटीकडे गेली. ‘थोरलीनं सगळ्यांसाठी आयुष्य वेचलं,’ असं नातेवाईक म्हणत. ती मान खाली घालून ऐके, आणि ते वाक्य घरी आणून नीट घडी घालून ठेवी. पण मी कुठे काय वेचलं? मला कुणी विचारलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. मी तिथे होते, बस. धाकटी तिथे नव्हती. मग इतकी वर्षं मी तिला मनातल्या मनात माफ करत आले ते… कशाबद्दल?

लेझरचा शेवटचा ठोका. आवरण सुटलं. पुंजका नव्या बशीत तळाला टेकला, आणि तिनं तो उबवणीच्या कपाटात ठेवला. सुट्या झालेल्या बाहेरच्या पेशी जुन्या थेंबात तरंगत होत्या. त्या टाकून द्यायच्या, हे ठरलेलंच होतं. तिनं ते केलं, पण त्याआधी पुन्हा एकदा भिंगातून पाहिलं. त्या अजून एकमेकींना धरून होत्या.

संध्याकाळी रस्ता ओलांडायला माणसं थांबली होती, त्यांच्यात उभी राहून तिनं धाकटीला फोन लावला. पहिल्याच घंटेला तो उचलला गेला.

“झालं,” ती म्हणाली.

धाकटी रडत होती. आवाज न करता. पण तो श्वास थोरलीला लहानपणापासून ओळखू येत होता. अशा वेळी ‘रडू नकोस, मी आहे ना, मी बघते सगळं’ हे शब्द तिच्या ओठांवर आपोआप येत. ती त्यांची वाट पाहत राहिली. दिवा बदलला, माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेली.

“ताई? बोल ना काहीतरी.”

“तूच बोल,” ती म्हणाली. “आज मी ऐकते.”

तिला भीती वाटली—आपण काय बोलून बसलो… आणि त्या भीतीच्या मागोमाग, छातीत कुठेतरी, कधी अंगवळणी न पडलेला असा एक हलकेपणा, ज्याचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.