जुळी असती तर

दोघं माझ्याजवळ होती तेव्हा दारात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "जुळी का गं?" आधी आधी मी नीट सांगायचे, नाही हो, सृष्टी मोठी, रुद्र धाकटा. मग समोरची बाई मनातल्या मनात महिने मोजायची आणि असं काही हसायची, की तोंडावर दार आपटावंसं वाटायचं. पुढे पुढे मी सरळ "हो, जुळी" म्हणून मोकळी व्हायला लागले. जुळी असती तर बरंच झालं असतं. पोट एकदाच फाटलं असतं. माझं तसं नव्हतं ना! एक भिंतीला धरून उभी राहायला लागली, तेव्हा दुसरा अजून मानही धरत नव्हता.

आम्ही मखमलाबादचे. मळ्यात झेंडू, शेवंती, मधूनमधून मेथी-कोथिंबीर. माझा नवरा सोमनाथ मळा बघतो, सासूबाई फुलं घेऊन बाजारात बसतात. घरात दुसरं बाईमाणूस नाही. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली, त्यामुळे माहेर म्हणजे भाऊ, भावजय आणि दिवाळीची साडी, बस्स.

आता तुम्ही म्हणाल, बारावी शिकलेली बाई, एवढं कळलं नाही? नाही कळलं. आमच्याकडे सगळ्या बाया एकच सांगतात, अंगावर पाजतेस ना, मग निर्धास्त राहा, तोवर काही होत नाही. सासूबाईंनी सांगितलं, नणंद मैनाताईंनी सांगितलं, आणि मीही निर्धास्त राहिले. सृष्टी झाल्यापासून पाळी आलीच नव्हती, मग ती चुकली हे कळणार कुठून? पोट सुटलं ते मला डिंकाच्या लाडवांचं वाटलं. आत काहीतरी हललं, तर गॅस झाला म्हणून मी ओवा खाल्ला. ओवा! आता आठवलं तरी कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि माझ्याकडे न बघता सोमनाथकडे बघितलं. "आधीचे टाके तरी नीट भरू द्यायचे होते हो," म्हणाल्या. तो आपला फरशीकडे बघत बसला. पाचवा महिना लागून गेला होता. आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

घरी आल्या आल्या सासूबाईंचं सुरू झालं. "पोटुशीचं दूध बाधतं पोरीला. आजच्या आज तोड." त्यांनीच कडुलिंबाचा पाला वाटून दिला. मी तो लावून बसायचे. सृष्टी यायची, तोंड लावायची, थू करायची, ओठ वाकडे करून माझ्याकडे बघायची आणि पुन्हा तोंड लावायची. एवढं कडू लागूनसुद्धा पुन्हा यायची. मी रडायचे, पण पुसून टाकायची हिंमत झाली नाही. नंतर सरकारी दवाखान्याची आशाताई म्हणते कशी, "असं काही नसतं गं रूपाली, पाजलं असतं तरी चाललं असतं." मग बाई, आधी कुठं तोंड शिवून बसली होतीस?

रुद्र झाला, तोही पोट फाडूनच. सासूबाईंनी पेढे वाटले. "एक पोरगी, एक पोरगा, झालं! सुटलीस बघ तू." सुटले कसली, चांगली अडकले. सृष्टीचा पहिला वाढदिवस मी दवाखान्यात असतानाच होऊन गेला. घरी परत आले तर ती भराभर रांगत आली आणि माझ्या पायाला मिठी मारून तिने वर हात केले. उचलायचं नाही असं मला बजावलेलं. मी तिला म्हटलं, "थांब हं सोनू, मम्मीला बाऊ झालाय." तिला काय कळतंय?

सासूबाई तेव्हाच म्हणाल्या, "थोरलीला मैनीकडं धाडू चांदवडला. तिला दोन्ही पोरंच, पोरगी नाय. लय जीव लावील." मी म्हटलं, "नाही. माझी पोर माझ्याजवळच राहील." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर नाही म्हटलं. एवढी एकच गोष्ट मला हवी होती. बाकी काय हाल व्हायचे ते होऊ देत, दोन्ही लेकरं माझ्या डोळ्यांसमोर पाहिजेत.

मग दसरा आला. झेंडूवाल्याच्या घरात दसऱ्याच्या तोंडावर माणूस मरायला टेकलं तरी कोणी मागे वळून बघत नाही. सगळे मळ्यात नाहीतर बाजारात, आणि घरात मी आणि माझी ही दोन. मी फुलांचं रिकामं कॅरेट आत आणलं, त्यात गोधडी घातली आणि सृष्टीला त्यात बसवायला लागले. रुद्रला पाजून होईपर्यंत तिने त्यात बसायचं. आधी बसायची, झेंडूच्या पाकळ्या खायची. मग उभी राहून माझ्याकडे हात पसरायची. मला तरी हात कुठं मोकळा होता? मग ती रडायची, तिचं ऐकून हा दूध सोडून रडायचा, आणि दोघांचं ऐकून मी. सोमनाथ जेवायला आला की दारातूनच विचारायचा, "काय चाललंय तुमचं?" मी म्हणायचे, "जत्रा भरलीये, या की, पाळण्यात बसा!"

एका दुपारी कॅरेट कलंडलं. भुवईवर खोक पडली आणि रक्ताने पोरीचा डोळा भरला. रुद्र अंगावर होता, मला पटकन वाकता येईना. टाके घालताना तिला सोमनाथने धरलं, मी बाहेर बाकावर रुद्रला घेऊन तिचं ओरडणं ऐकत बसले. सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले असते. त्यांनी नुसता मैनाताईंना फोन लावला आणि मी गुपचूप सृष्टीचे कपडे पिशवीत भरले.

"फक्त दिवाळीपर्यंत," मैनाताई म्हणाल्या. मनाने चांगलीच आहे हो ती बाई. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

दिवाळीला रुद्रच्या छातीत कफ भरला, त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. भाऊबीजेला मैनाताई एकट्याच आल्या, "पोरीला कशाला आणू आजारपणात?" म्हणाल्या. संक्रांतीला आम्ही तासभर जाऊन आलो, तर सृष्टीला ताप होता आणि ती झोपलेली. मी उशाशी बसले, केसांवरून हात फिरवला, उठले. मग लगीनसराई, फुलांना भाव, कोणाला सवड नाही. मी म्हणायचे, "अहो, आणू या ना तिला." सोमनाथ म्हणायचा, "तुला झेपेल का दोघांचं?" नेमका तेव्हाच रुद्र ओकायचा नाहीतर पलंगावरून पडायचा, आणि माझं बोलणं तिथंच राहायचं. मोबाइलवर रोज बघायचे मी तिला. आधी ती स्क्रीनला तोंड लावायची. पुढे पुढे नुसती बघायची आणि मांडीवरून उतरून पळून जायची. मैनाताईंचा मला एवढा राग यायचा, की फोन ठेवल्यावर मी भांडी आपटायचे. आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी त्यांनाच लाडीगोडीने विचारायचे, "ताई, जेवली का हो ती?"

राखीपौर्णिमेला मात्र मी हटूनच बसले. रुद्र चालायला लागला होता. "तुम्ही बहिणीकडे राखी बांधून घ्यायला जाताय ना, मीही येते. आणि येताना सृष्टी आपल्याबरोबर येणार. आज नाही तर कधीच नाही." सोमनाथ म्हणाला, "गाडीवर दोघांना कसं धरशील?" म्हटलं, "एकाला पुढे टाकीवर बसवा, एक माझ्या मांडीवर. सगळं जग नेतं, आपल्यालाच काय जड आहे?" सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. मी नवा फ्रॉक घेतला, अंदाजानेच. तिच्या मापाचा अंदाज करताना दुकानात मला रडू आलं.

पिंपळगाव गेलं, वडाळीभोई गेलं, माझं लक्ष कशात नव्हतं. मनात एकच, ती मला बघून धावत येईल का? धावत आली तर उचलायची. आता मला उचलता येत होतं.

मैनाताईंच्या अंगणात गाडी थांबली, तशी त्यांची मुलं ओरडत बाहेर आली, "मामा आला! मामी आली!" त्यांच्या मागे सृष्टी. पायात पैंजण, डोक्यावर दोन शेंड्या, अंगाने भरलेली. धावतच आली, पण पोरांच्या मागे धावत आली. माझ्यासमोर थांबली आणि बोट दाखवून म्हणाली, "मामी."

मैनाताई आतून म्हणाल्या, "सोनू, पाणी दे गं आल्या माणसांना." तिने दोन्ही हातांनी पेला आणला, निम्मा सांडत. "मामी, पाणी."

मी तिची मामी नाही हो. मैनाताईंच्या पोरांची मी मामी. पोरं म्हणाली ते तिने उचललं, एवढंच. कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, हे मला कळत होतं. म्हणून कोणाला शिव्याही देता येईनात. मी पाणी प्यायले.

राख्या झाल्या. सृष्टीने मैनाताईंच्या दोन्ही मुलांना बांधली, मग रुद्रला. जेवणं झाली. सोमनाथ गाडी पुसत बसला, म्हणजे मला बोलावं लागणार. मी बोलले. "ताई, आज तिला घेऊन जाते."

मैनाताईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मग म्हणाल्या, "ने की गं रूपाली. तुझीच आहे. मी कोण अडवणार?" आणि आत जाऊन कपडे भरायला लागल्या. एका पिशवीत आले होते, आता दोन मोठ्या पिशव्या झाल्या. त्यांनी नाक ओढलेलं मला ऐकू आलं. मी मन घट्ट केलं आणि सृष्टीला उचललं.

क्षणभर ती गंमत समजली. मग अंगणाकडे निघाले तशी ताठ झाली. "मम्मी! मम्मी!" ती ओरडत होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या तोंडावर, छातीवर, जिथं लागेल तिथं मारत होती. "अगं मीच मम्मी, सोनू, मीच गं," मी म्हणत होते. रुद्रने मला दुसऱ्या पोराला घेतलेलं बघितलं आणि माझ्या साडीला लोंबकळून भोकाड पसरलं. मी होते तिथंच ओट्यावर बसले, दोघांना मांडीवर घ्यायला बघितलं. रुद्रने तिला ढकललं. ती सुटली आणि उंबऱ्यात उभ्या मैनाताईंच्या पदरात शिरली. त्यांनी तिला हात लावला नव्हता, खोटं कशाला बोलू? हात मागे बांधून उभ्या होत्या बिचाऱ्या.

पण सृष्टीचं रडणं थांबेना. आवाज गेला, तोंड उघडं राहिलं, ओठ निळे पडायला लागले. आता मैनाताईंनी झडप घालून तिला उचललं, तोंडावर फुंकर मारली, पाठीवर थापटलं. "असंच होतं हिचं, दम कोंडतो. डॉक्टर म्हणाले, फार रडू द्यायचं नाही. तुला सांगायचंच राहिलं गं!" पोरीने मोठा श्वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ओठ काढले. पुन्हा तेच सुरू होणार होतं.

सोमनाथ दारातून म्हणाला, "राहू दे आता. पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी तर ती आणखी मोठी झालेली असणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

मी रुद्रला कडेवर घेतलं. पिशव्या तिथंच राहू दिल्या. सृष्टीजवळ गेले, पण फार जवळ नाही. ती मैनाताईंच्या मानेला घट्ट धरून थरथरत होती.

"नाही नेत हं सोनू," मी म्हटलं. "मामी चालली तिच्या घरी."

ती लगेच गप्प झाली, आणि मला टाटा केला.