अडुसष्टच्या वर

एकोणीस उन्हाळे ऑगस्टाबाई डेलमार फ्रिचच्या होडीत पुढच्या फळीवर बसत आल्या होत्या आणि यंदा त्या मार्नीच्या होडीत बसल्या. एवढीच गोष्ट. पण एवढ्यानेच डेलमारची जेवणावरची वासना उडाली होती.

मोंटानाच्या त्या खोऱ्यात मासे धरायला नेणारे गाईड पुष्कळ होते, पण बाई फक्त डेलमारच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वय एकोणऐंशी, बोटं थरथरणारी. डेलमारने त्यांच्यासाठी काय करायचं बाकी ठेवलं होतं? गळाला आमिषाची नकली माशी बांधून दिली, दोरीचे गुंते सोडवले, सँडविचच्या कडासुद्धा कापून दिल्या. आणि मार्नी कोण? सहा वर्षांपूर्वी वल्हं उलटं धरणारी पोरगी! होडी हाकायला तिला याने शिकवलं, मासा हातात कसा धरायचा ते याने शिकवलं, आणि आता तीच त्याच्या नाकावर टिच्चून बाईंना नदीवर नेत होती.

एप्रिलात बाईंचं पत्र आलं होतं. ‘मार्नी माझी गाठ मला बांधू देते,’ असं त्यात लिहिलं होतं. डेलमारने ते टराटरा फाडलं. म्हणे गाठ! एका गाठीला बाईंना अर्धा तास लागतो, तोवर मासे जेवून झोपी जातात.

ते गिळलंही असतं त्याने, पण मध्ये जजसाहेब होते. वळणावर कॉटनवुडचं जुनं झाड नदीत आडवं पडलं होतं आणि त्याखाली एक हातभर लांब ट्राउट मासा राहत असे. आकड्यासारखा जबडा, शेपटीचा एक कोपरा फाटलेला. दोन वर्षांपूर्वी तो बाईंच्या गळाला लागला, फांद्यांत घुसला आणि दोरी तोडून गेला. बाई आधी रडल्या, मग नाक पुसून म्हणाल्या, “खटला तहकूब.” तेव्हापासून तो जजसाहेब. एकदा त्याला जाळ्यात घ्यायचं, डोळे भरून बघायचं आणि सोडून द्यायचं, एवढं एकच बाईंच्या मनात राहिलं होतं. ते मार्नीच्या होडीत झालं तर आपले एकोणीस उन्हाळे मातीमोल, असं डेलमारने धरून ठेवलं होतं.

बुधवारी दुकानात नकली माश्या निवडताना मार्नीच म्हणाली, “उद्या बाईंना जजसाहेबांकडे नेतेय. येता का तुम्हीपण? बाईंना बरं वाटेल.”

“मला दुसरे उद्योग नाहीत वाटतं?”

नव्हतेच. गुरुवारी सकाळी सातला ट्रक विलोच्या झुडपांमागे लपवून तो वळणावर कमरेइतक्या पाण्यात उभा होता. आधी आपण पकडायचा. मग येऊ देत त्यांना खुशाल.

जजसाहेब काही दाद देईनात. ऑगस्टमध्ये हा मासा नाकतोड्यांवर जगतो, आणि नाकतोडे उन्हं तापल्याशिवाय उडत नाहीत. साडेबाराला वारा सुटला, गवतातले नाकतोडे पाण्यात पडायला लागले आणि झाडाखाली एक रुंद पाठ वर येऊन गेली. डेलमारने गळाला नाकतोड्याची नक्कल बांधली. सवयीने पाण्यात थर्मामीटर बुडवला. सत्तर अंश फॅरनहाइट.

मासेमारीवरची सरकारी बंदी दुपारी दोन वाजता लागायची. पण डेलमारचा स्वतःचा नियम त्याहून कडक होता. पाणी अडुसष्ट अंशांच्या वर गेलं की गळाच्या काठ्या बंद. कोमट पाण्यात माशाला श्वास पुरत नाही. तो झुंजला की सोडून दिला तरी मरतो. हा नियम त्याने मार्नीकडून इतका घोकून घेतला होता की ती त्याची नक्कल करून दाखवायची.

“एकदाच,” तो पुटपुटला. “त्या यायच्या आत.”

पहिल्याच फेकीला जजसाहेबांनी नाकतोडा गिळला.

दोरी बारीक होती, ओढून चालणार नव्हतं. पंधरा मिनिटं मासा त्याला नाचवत होता. शेवटी तो जाळ्यात आला तेव्हा डेलमार मोठ्याने म्हणाला, “घे मार्नी! ने आता बाईंना जजसाहेबांकडे!” आयुष्यात इतका आनंद त्याला क्वचित झाला असेल, आणि इतका वाईट आनंद तर कधीच नाही.

गळ काढून त्याने माशाचं तोंड प्रवाहाकडे धरलं. हात सैल केला. मासा आडवा झाला. पुन्हा सरळ केला. पुन्हा आडवा. कल्ले एकदा उघडले, मग उघडले नाहीत.

तेवढ्यात वळणावरून होडी आली. दोन्ही काठ्या दोरी गुंडाळून आत ठेवलेल्या होत्या. पांढरी टोपी घातलेल्या बाई पुढच्या फळीवर होत्या.

“डेल? तू इथे?” त्या वाकल्या. “जजसाहेब का रे ते?”

“हो.”

“आम्ही साडेअकरालाच थांबलो. मी हिला म्हटलं, एकदाच टाकू दे, इतक्या लांब आलोय. तर म्हणते, पाणी एकोणसत्तर आहे, डेलचा नियम आहे.” बाई थांबल्या. “मग म्हटलं, नुसतं त्यांचं घर तरी बघून येऊ.”

डेलमारला मान वर करता येईना. सकाळी त्याला एकच नको होतं, हा मासा त्या होडीत. आता तो मार्नीच्या जाळ्यात जिवंत तडफडत असता तर त्याने तिचे पाय धरले असते.

मार्नी नांगर टाकून पाण्यात उतरली. त्याच्या हातांशेजारी आपले हात घालून तिने मासा प्रवाहात सरळ धरला.

“मेलाय तो,” डेलमार म्हणाला.

“दिसतंय मला.”

“मग सोड.”

“दहा मिनिटं धरायचा. तुम्हीच शिकवलंत.”

ऑगस्टाबाईंनी बाही वर करून मनगटावरचं घड्याळ बघितलं. वारा चालूच होता, नाकतोडे अजून पाण्यावर पडत होते आणि खाणारं कुणी नव्हतं.

“झाली दहा,” बाई म्हणाल्या.

मार्नीने हात काढून घेतले. डेलमारने धरूनच ठेवला होता.