फ्लेक्सवरची मूळ संख्या

पारनेरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सुकन्यानं मूळ संख्या तपासायचा प्रोग्राम लिहिला आणि उतावळेपणानं थेट एक लाखो आकडी संख्या त्याच्या पुढ्यात टाकली. दोनाला दोनानं गुणत न्यायचं आणि शेवटी एक वजा करायचा, अशी ती संख्या. बारा दिवसांनी प्रोग्राम म्हणाला, मूळ आहे, हिला कशानंच भाग जात नाही.

तिच्याहून घाई तिच्या चुलतसासऱ्यांना. कारभारीअण्णा माजी सरपंच. गावात कुणाच्या म्हशीनं लिटरभर दूध जास्त दिलं तरी फ्लेक्स लावतील असा माणूस. संध्याकाळच्या आत वेशीवर सुनेचा फोटो झळकला आणि रविवारी सत्कार ठरला.

शनिवारी सुकन्यानं सहज त्याच घराण्यातली एक छोटी संख्या घातली, अकरा दोनांच्या गुणाकारातून एक वजा, म्हणजे २०४७. प्रोग्राम म्हणाला, मूळ. ती लगेच प्रोग्राम उघडून बसली, कारण २०४७ मूळ नाही हे तिला माहीत होतं. तासाभरात खोड सापडली. प्रोग्रामची परीक्षा एकच प्रश्न विचारत होती, तोही दोनाच्या गुणाकाराचा, आणि दोनातूनच जन्मलेल्या त्या घराण्याला त्याचं उत्तर जन्मतःच पाठ, संख्या मूळ असो वा नसो. मग आधी करायचं ते तिनं आता केलं, लहान भाजक लावून पाहिले. मोठ्या संख्येलाही भाग गेला.

नवरा म्हणाला, गप्प बस, गावात कोण भागाकार करायला बसलंय? तिला त्याचा भयंकर राग आला. उद्या खोटी शाल घेतली, तर परवा तिचं खरं कोण मानणार होतं?

रविवारी तिनं माईक घेतला आणि सगळं सांगून टाकलं.

"सूनबाई, त्या लहान संख्येला कशानं भाग जातो म्हनलीस?" अण्णांनी विचारलं.

"तेवीसनं. तेवीस गुणिले एकोणनव्वद."

अण्णांनी डोळे मिटले. "तेवीस नव्वे दोनशे सात. म्हंजी नव्वदाचे दोन हजार सत्तर. त्यातनं तेवीस गेले, दोन हजार सत्तेचाळीस. बरुबर हाय." मग डोळे उघडून म्हणाले, "आता सत्कार कशाचा करायचा?"

"चूक दुसऱ्या कुणी काढायच्या आत मी काढली, त्याचा," सुकन्या म्हणाली. "नवा प्रोग्राम लिहिलाय. लहान संख्यांवर आधी पारखून घेतला, एकही चुकली नाही. आता दुसरी मोठी संख्या लावलीय."

अण्णांनी शाल उचलून तिच्या खांद्यावर घातली.

"आणि अण्णा, पुढचा फ्लेक्स मी सांगितल्यावरच छापायचा."

"व्हय," कारभारीअण्णा म्हणाले.