वाळक्या माणसाचं लिव्हर

चोपड्याकडचा कौतिक हाडं आणि ऐट या दोनच गोष्टींचा बनलेला होता. लग्नात अठ्ठावन्न किलो आणि बावन्नाव्या वर्षीही अठ्ठावन्नच. शेतात केळी मोजायचा काटा आला की आधी स्वतः चढायचा आणि मजुरांना आकडा वाचायला लावायचा. बायको भिकुबाई अंगाने चांगली भरलेली. काटा मोडेल म्हणून तिला जवळ फिरकू देत नसे आणि जेवताना तिच्या भाकरी मोठ्याने मोजायचा. असले वाह्यात विनोद, आणि हसणारा हा एकटाच!

त्यांची एकुलती एक लेक रूपा. तिचं लिव्हर निकामी होत आलं. जळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दोन महिन्यांच्या आत आईच्या किंवा बापाच्या लिव्हरचा तुकडा बसवला तर पोर वाचेल. तपासण्या इथे, ऑपरेशन पुण्याला. रक्तगट दोघांचाही जुळत होता. कौतिकने छाती पुढे काढून आपलं नाव दिलं. नर्स भिकुबाईचंही लिहू लागली तर हा आडवा आला. हिचं कशाला, हिचं लिव्हर म्हणजे तुपाचा डबा, म्हणाला. भिकुबाईचं नाव राहूनच गेलं.

तारखा मिळत मिळत तीन आठवडे गेले आणि कौतिकचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, तुमचं लिव्हर घेता येणार नाही, त्यात तीस टक्के चरबी आहे.

कौतिकला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी कागद आला. त्याने सदरा वर करून बरगड्याच दाखवल्या. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की कातडीखालची चरबी हे शरीराचं कोठार असतं. वय वाढलं की कोठारात पूर्वीइतकं मावत नाही, स्नायूही पूर्वीइतकी चरबी जाळत नाहीत. मग उरलेली चरबी लिव्हरात नि स्नायूंत जाऊन बसते. वाळक्या माणसाचं कोठार मुळातच लहान. काट्यावर वजन तेच दिसतं, पण स्नायू घटतात आणि त्यांच्या जागी चरबी भरते. ती उतरवायला चार महिने लागतील, आणि रूपाजवळ चार महिने नव्हते.

  आपण पोरीला मारलं, एवढंच कौतिकच्या डोक्यात घुमत राहिलं.

तेवढ्यात मागून भिकुबाई बोलली, "डाक्टर, मी माय शे तिनी. मनं लिव्हर बी दखा ना."

डॉक्टरांनी त्याच दिवशी तिच्या तपासण्या लावल्या. चौथ्या दिवशी दोघांना बोलावलं. तिच्या लिव्हरात चरबी जवळजवळ नव्हतीच; ती सगळी कातडीखालच्या मोठ्या कोठारातच मावली होती. कौतिकला आपण काय ऐकतोय ते कळेना. पण डॉक्टरांचा चेहरा काही खुलला नव्हता. भिकुबाईच्या रक्तातलं प्रोटीन पार उतरलं होतं, अंगात ताकद नव्हती. काय खाता, असं त्यांनी विचारलं.

भिकुबाई खाली बघत म्हणाली, रोज अर्धी भाकर. रिपोर्टवाल्या दिवसापासून नाही, नाव लिहायच्या दिवसापासून. तुपाचा डबा रिकामा झाला तर आपलंही घेतील, असं तिला वाटलं होतं. साडेतीन आठवडे बाई उपाशी होती आणि दवाखान्याच्या धावपळीत भाकरी मोजणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी तिची जुनी फाईल उघडली. "दोन वर्षांपूर्वी पोटदुखीसाठी इथेच सोनोग्राफी केली होती तुमची. तेव्हाही लिव्हर स्वच्छच होतं. उपाशी राहायची काही गरज नव्हती, बाई. आता दहा दिवस नीट खाऊन अंगात जोर आल्याशिवाय पुण्याचे डॉक्टर सुरी लावणार नाहीत. आणि रूपाची तब्येत आमच्या अंदाजापेक्षा वेगाने खालावतेय; ती दहा दिवस कशी काढेल, ते मी आज सांगू शकत नाही."

कौतिक उठला. दवाखान्यासमोरच्या खानावळीत त्याने भिकुबाईला बसवलं. भाकरी, वरण, दोन अंडी, वर दही असं सगळं मागवलं. तिने सवयीने एक भाकर बाजूला सारली. कौतिकने ती परत तिच्या ताटात ठेवली. 

"खाय," तो म्हणाला. "तुन्या पाया पडस, खाय."